एकरी किती?

मीटर हे त्याचं खरं नाव नव्हे, पण आता बायको सोडली तर त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. हे नाव पडलं चाळिशी उलटल्यावर. त्याआधी लोक त्याला 'वाकलेला मशीनवाला' म्हणायचे. त्या भागात मशीनवाले चार-पाच होते, आणि उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या मशीनवर बसून ह्याचीच पाठ तेवढी पुढे झुकली होती. स्वतःचं मशीन घेतलं तेव्हा पाठ काही सरळ झाली नाही, पण मान जरा वर झाली.

मशीन मुरघासाचं. मक्याच्या कणसात दाणा भरत आला, नखाने दाबला की अजून थोडा चीक निघतो, अशा वेळी मका ताटांसकट कापायचा, जागच्या जागी त्याची बारीक कुट्टी करायची, शेजारून चालणाऱ्या ट्रॉलीत उडवायची, आणि ती कुट्टी खड्ड्यात दाबून भरून वरून प्लास्टिकने हवाबंद करायची. जनावरांना वर्षभर हिरव्या चाऱ्याची चव मिळते. मात्र कापायचा मुहूर्त चुकवून चालत नाही. लवकर कापला तर खड्ड्यात पाणी सुटतं, उशीर झाला तर ताटाचं लाकूड होतं. त्यामुळे सगळ्यांना मशीन एकाच वेळी हवं असतं. ते पंधरा-वीस दिवस मशीनवाल्याला देवासारखा धरतात, आणि उरलेलं वर्ष त्याला कुणी ओळखत नाही. मशीन मात्र वर्षभर खातं. उभं राहिलं तरी खातं.

भाव ठरवण्याचं दुखणं इथूनच सुरू व्हायचं. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला : "एकरी किती?"

आता एकर आणि एकरात केवढा फरक असतो. एक एकर असतो सरळ, लांब, मऊ जमिनीचा, मका छातीएवढा. मशीन एका टोकाला घातलं की दुसऱ्या टोकापर्यंत वळायचं काम नाही. दुसरा एकर असतो तीन तुकड्यांचा, मधोमध विजेचा खांब, कोपऱ्यात विहीर, वाट अशी की मशीनचा एक पाय बांधावर आणि एक खड्ड्यात. शिवाय मका दोन पुरुष उंच आणि इतका दाट की मशीन मुंगीच्या पावलाने चालतं. पहिल्याला जेवढं डिझेल लागतं त्याच्या दुपटीहून जास्त दुसऱ्याला. पात्यांची धार जाते ती वेगळी. भाव दोघांना एकच.

हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तो रात्रंदिवस हेच घोळवत असायचा. पण फोन वाजला की गाडी घसरायची. नवा भाव घशापर्यंत यायचा आणि तोंडातून बाहेर पडायचा तो गेल्या वर्षीचा. वर शेपूट : "बघू की, तुमच्यासाठी कमी-जास्त करू." त्या कमी-जास्तमधलं जास्त कधीच कुणी दिलं नाही.

त्याची बायको घरातल्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. शिवणयंत्राच्या वर भिंतीला तिने पुठ्ठा टांगला होता. साधी शिलाई इतकी, अस्तर लावायचं असेल तर इतकी जास्त, घाईचं काम दीडपट. गिऱ्हाईक कुरकुरलं की ती बोलायची नाही, तोंडात टाचण्या धरून हाताने पुठ्ठ्याकडे बोट दाखवायची. नवऱ्याचं फोनवरचं बोलणं तिला आतून ऐकू यायचं. एकदा ती म्हणाली, "अहो, तुम्ही भाव सांगत नाही. माफी मागता."

त्याला ते लागलं. हंगाम सुरू व्हायच्या आधी तो एका इलेक्ट्रिशियनकडे गेला आणि मशीनच्या हँडलजवळ एक छोटं मीटर बसवून आला. पाती फिरायला लागली की मीटर फिरणार, पाती थांबली की थांबणार. आता तासावर भाव. रान सोपं असेल तर रानाच्या मालकाचा फायदा, अवघड असेल तर ज्याचं त्याने सोसावं. ह्यापेक्षा सरळ हिशेब कुठला असणार?

पण माणसाला घड्याळ दाखवलं की माणूस बदलतो. एकरी भावाच्या वेळी जे शेतकरी मशीन रानात सोडून घरी जाऊन झोपायचे ते आता बांधावर येऊन उभे राहिले. मशीन जरा हळू झालं की हात वर. तो पाणी प्यायला उतरला की मालक आधी मीटरकडे बघायचा, मग त्याच्याकडे. "पाणी कुणाच्या तासात पिताय?" कुणीतरी विचारलं, आणि बांधावरचे सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून तो मीटर झाला. "मीटर आला का?" "मीटरला चहा द्या, पण पाती बंद करून."

नाव पडलं त्याचं त्याला एवढं वाईट वाटलं नाही. खरी गोची वेगळीच होती. मालक म्हणायचा दोन ट्रॉल्या आहेत, आणि खड्डा असायचा लांब. ट्रॉल्या खड्ड्यावर रिकाम्या होऊन परत येईपर्यंत मशीन रानात उभं. पाती बंद, मीटर बंद, आणि दिवस मात्र चालू. संध्याकाळी मीटरवर अर्धाच दिवस दिसायचा. उरलेला अर्धा कुणाचा? तो विचारायला जायचा तर मालक प्रेमाने म्हणायचा, "मीटर तुम्हीच बसवलंय ना?"

ह्यावर उपाय एकच, सगळ्या मशीनवाल्यांनी मिळून एक पद्धत ठरवायची. हा विचार त्याच्या साडूचा. साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचंही मुरघासाचंच मशीन. दोघं पूर्वी एकाच मालकाकडे ड्रायव्हर होते. मीटरचंच आधी लग्न झालं, आणि त्यानेच पुढे मेहुणीसाठी ह्या मित्राचं स्थळ सुचवलं. साडू बोलायला तिखट, हाताने सढळ, आणि मीटरला जे बोलता येत नसे ते सगळं बोलणारा. एकमेकांना ते पूर्वी अरे-तुरे करायचे. नातं झाल्यावर थट्टेने 'पाहुणे' म्हणायला लागले ते कायमचंच.

पुढचा हंगाम यायच्या आधी टायरवाल्याच्या दुकानात सगळे जमले. जुन्या टायरांवर बसूनच बैठक झाली. ठरलं असं की भाव तासाचा. मशीन रानात शिरलं की तास सुरू, ट्रॉलीअभावी उभं राहिलं तरी सुरू. डिझेल मालकाने भरायचं. येण्याजाण्याचे वेगळे, लहान तुकडा असला तरी निदान अर्ध्या दिवसाचे पैसे. रानात लोखंड किंवा दगड निघून पाती तुटली तर निम्मा खर्च मालकाचा. साडू उभा राहून बोलला. "आपण भिकारी आहोत का? त्यांना आपल्याशिवाय चालत नाही आणि आपण एकमेकांचे पाय ओढतोय. जो एकरी जाईल त्याच्याशी मी बोलणार नाही, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना." टायरवाल्याने सगळ्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला. घरी जाताना मीटरला आपली पाठ थोडी सरळ झाल्यासारखी वाटली.

हंगामाचे पहिले दिवस बरे गेले. लोक कुरकुरले, पण दुसरीकडे विचारलं तरी तेच उत्तर मिळत होतं, म्हणून वळले. मग एक दिवस मीटरने गोठेवाल्याला फोन केला. गोठेवाला म्हणजे त्या भागातलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. शेकड्याने गाई, चार मोठे खड्डे, आणि नदीच्या बाजूला सलग मका. दरवर्षी निम्मं काम मीटरला, निम्मं साडूला असायचं.

"ह्या वेळी सगळं पाहुण्यांनाच दिलंय तुमच्या," गोठेवाला म्हणाला. "त्यांचं एकरी जमलं आमच्याशी."

मीटरला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "एकरी?"

"गेल्या वर्षीचाच भाव. माणूस मोकळा आहे हो, तुमच्यासारखं घड्याळ नाही लावत."

तो तसाच साडूच्या घरी गेला. वाटेत त्याने बरंच काही जुळवलं होतं. टायरवाल्याच्या दुकानातलं त्याचंच भाषण त्याच्या तोंडावर मारायचं, असं. साडू अंगणात मशीनच्या साखळीला वंगण लावत होता. ह्याला बघून त्याने हात पुसले नाहीत की बसा म्हटलं नाही.

"पाहुणे, खरं का?" मीटरने विचारलं.

"खरं."

"का पण?"

साडूने घराच्या दाराकडे बघितलं. दारात त्याची मुलगी उभी होती, नवा ड्रेस, केस नीट विंचरलेले, खांद्याला पर्स. काकांना बघून हसली आणि स्कूटरवर बसून निघून गेली.

"दूध संकलनाच्या ऑफिसात लागलीये," साडू म्हणाला. "गोठेवाल्याच्याच. महिना झाला. दोन वर्षं घरात बसून होती, तुम्हाला माहीतच आहे. तिला घेतलं त्याच दिवशी त्याने मला बोलावलं. काही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, आपलं मक्याचं आता घरातल्या घरातच झालं." तो पुन्हा साखळीकडे वळला. "तासाचं कसं काढू तोंडातून? तुम्ही सांगा. काढलं असतं तुम्ही?"

मेहुणीने चहा आणला, तो मीटरने उभ्या उभ्या घेतला. येताना जुळवलेलं सगळं तसंच्या तसं घेऊन तो घरी परत आला. बायकोला सांगितलं तेव्हा तिने शिवणयंत्र थांबवलं. "मला बोलली नाही ती," एवढंच म्हणाली. बहिणीबद्दल.

साडूचं बाकीच्यांना कळलं होतं, पण अजून कुणी फुटलं नव्हतं. सगळे मीटरकडे बघून होते. हा टिकतोय तोवर आपणही टिकू, असं. एका मशीनवाल्याने तसं बोलूनही दाखवलं. मीटर त्या आठवड्यात सगळीकडे तासानेच गेला, आणि पहिल्यांदाच फोनवर त्याचा आवाज खाली आला नाही.

मग साडूच्या मशीनला लोखंड लागलं.

गोठेवाल्याच्या नदीकडच्या रानात कुणीतरी जनावर बांधायची लोखंडी खुंटी ठोकून ठेवली होती. मका वाढला तशी ती झाकली गेली. मशीनने ती ताटाबरोबर आत ओढली. पाती गेलीच, पण ज्याच्यावर पाती बसतात तो ढोलही वाकला. निम्मा मका उभा, मोठा खड्डा अर्धा भरलेला आणि उघडा, आणि पश्चिमेला आभाळ काळं व्हायला लागलेलं. उघड्या खड्ड्यातली कुट्टी तापते. वर पाऊस पडला की सगळी नासते.

गोठेवाल्याचा फोन मीटरला दुपारी आला. "मशीन घेऊन या. भावाचं रानात बोलू."

बायकोने सगळं ऐकलं होतं. तो चप्पल घालत होता तेव्हा ती पुढच्या खोलीतून म्हणाली, "घाईचं काम आहे. दीडपट. आणि आधी बोला, मग मशीन रानात घाला." नंतर थोडं थांबून म्हणाली, "तुम्हाला ह्याच्यापेक्षा चांगली वेळ येणार नाही."

ते खरं होतं. रस्ताभर मशीनच्या आवाजात तो मोठमोठ्याने बोलत गेला. तासाचे इतके. रानात शिरल्यापासून. डिझेल तुमचं. घाईचं म्हणून दीडपट. आवाज नीट लागत होता. एका वळणावर सायकलवाला बाजूला होऊन त्याच्याकडे बघत राहिला, तरी तो थांबला नाही. आज समोरच्याला दुसरा कुणी नव्हता. बाकी सगळी मशीनं कुठे ना कुठे अडकलेली, हे दोघांनाही माहीत होतं.

रानाच्या तोंडाशी गोठेवाला गाडीला टेकून उभा होता. थोडं पुढे साडूचं मशीन, तोंड वासून. साडू त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून वाकलेल्या ढोलातून तुटकी पाती काढत होता. त्याच्या हाताला फडकं बांधलेलं, आणि फडकं लाल झालेलं. ट्रॅक्टरजवळ मेहुणी जेवणाचा डबा हातात धरून उभी होती. डबा उघडलेला दिसत नव्हता.

"भाऊजी, आलात," ती म्हणाली.

"बोला," गोठेवाला म्हणाला. "तुमचा जो काय भाव असेल तो सांगा. मी भांडणार नाही. तुम्ही तासाने जाता ते मला माहीत आहे. आज चार पैसे जास्त मागितलेत तरी मी समजून घेईन."

मीटरने तोंड उघडलं.

"तसंही ते माझ्या खिशातून जात नाही," गोठेवाला अगदी शांतपणे, हिशेब समजावून सांगावा तसं म्हणाला. "पाहुण्यांनी सगळं रान एकरी उचललंय. काम पुरं करायची जबाबदारी त्यांची. तुम्हाला जे द्यावं लागेल ते त्यांच्यातून वजा होईल. उरलं तर त्यांचं. कमी पडलं तर तेही त्यांचंच."

"आणि खुंटी?" मीटरने विचारलं. "ती तर तुमच्या रानातली."

"मशीन कुणाचं? डोळे कुणाचे?"

साडू मागे वळून बघत नव्हता. पाती काढायचंही त्याने थांबवलं होतं. त्याच्या मानेवर कुट्टीचा हिरवा भुगा चिकटला होता. मेहुणीने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

मीटरला भाव पाठ होता. रस्ताभर घोकला होता. त्याने तो मनात एकदा पुन्हा म्हटला, आणि तो म्हणत असताना त्याला ऐकू आलं की तोंडाने तो दुसरंच काहीतरी बोलतोय. "पाहुण्यांचा जो ठरलाय तोच धरा. जेवढं रान मी कापीन तेवढ्याचं."

"म्हणजे एकरी?"

"एकरी."

गोठेवाल्याने मान डोलावली. "बरं झालं," तो म्हणाला. "म्हणजे परवडतं तर."

पाऊस येण्याआधी काम झालं. मका दाट होता, मशीन रडत रडत चाललं, डिझेल पाण्यासारखं गेलं. साडूने फडकं बांधलेल्या हाताने ट्रॅक्टर चालवून खड्डा दाबला, दोघांनी मिळून प्लास्टिक ओढलं आणि त्यावर जुने टायर टाकले. शेवटचा टायर टाकला तेव्हा पहिले थेंब पडत होते. दोघं ट्रॅक्टरच्या आडोशाला उभे राहिले.

"दीडपट मागायला हवी होती तुम्ही," साडू म्हणाला.

"तुमच्या खिशातून?"

"हो, माझ्या खिशातून." त्याने हातावरचं फडकं घट्ट केलं. "मी बुडालोच आहे, ढोल नवा घ्यावा लागणार. अजून थोडं बुडलो असतो. पण भाव राहिला असता. आता माझाही गेला आणि तुमचाही."

मीटरला राग यावा असं ते बोलणं होतं, पण ते इतकं बरोबर होतं की रागाला जागाच राहिली नाही. मेहुणीने आता डबा उघडला होता. तिघांनी थोडं थोडं खाल्लं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं आणि त्याने सांगितलं. लपवण्यात काही अर्थ नव्हता. ती कातरीशी चाळा करत बसली. "मी असते तर मागितले असते," ती म्हणाली. मग, "ती समोर उभी होती म्हणता?" मग, "माहीत नाही. काय केलं असतं माहीत नाही."

बातमी पसरायला वेळ लागला नाही. गोठेवाला खोटं काहीच बोलला नाही. ज्याने विचारलं त्याला तो एवढंच सांगायचा की मीटरने स्वतः येऊन घाईच्या दिवशी, दाट मक्यात, एकरी भावाने काम केलं. दुसऱ्या दिवशी ज्या शेतकऱ्याकडे मीटर जाणार होता त्याने सकाळी फोन करून विचारलं, "मग आम्हालाच का तास?" ह्यावर सांगण्यासारखं मीटरकडे बरंच होतं. साडू, मुलगी, खुंटी, मेहुणीच्या हातातला डबा. पण ते फोनवर सांगायचं कसं, आणि सांगून पुढच्या माणसाचं काय जाणार होतं? तो म्हणाला, "बरं, एकरी."

आठवड्याच्या आत सगळेच एकरी झाले. बाकीच्या मशीनवाल्यांनी त्याला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकजण टायरवाल्याच्या दुकानात भेटला, तो नुसता म्हणाला, "आम्ही तुमच्याकडे बघून होतो," आणि आपलं पंक्चर काढून निघून गेला. भाव मात्र गेल्या वर्षीच्याही खाली आला, कारण आता प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी पोचायचं होतं.

साडूने मशीन भंगारात घातलं नाही, पण ढोलाची सोय होईना. पुढच्या हंगामात तो मीटरच्याच मशीनवर आलटून पालटून बसायला लागला. कामाची वाटणी त्यांनी बोलून ठरवली नाही, ती आपोआप झाली. मुलगी दुधाच्या ऑफिसात टिकली, तिचा पगारही वाढला. घरात एवढी एक गोष्ट चांगली झाली आणि तिच्याविषयी कुणी मोकळेपणी बोलत नसे.

त्या हंगामापासून फोन बायकोकडे आला. कुणी ठरवलं असं नाही. एकदा तो अंगणात पात्यांना धार लावत होता, फोन आत वाजला, तिने उचलला, आणि तेव्हापासून तीच उचलते. ती भाव स्पष्ट सांगते. रान कसं आहे, किती तुकडे, ट्रॉल्या किती, खड्डा किती लांब, सगळं विचारते आणि मग सांगते. समोरचा म्हणतो, कळवतो. बहुतेक कळवत नाहीत. ती फोन ठेवते, चिंधीवर आकडा लिहून खोडते, आणि पुन्हा शिवायला बसते. बाहेर सहाणेवर पातं घासल्याचा आवाज मध्येच थांबलेला असतो. फोन ठेवल्याचं ऐकू आलं की तो पुन्हा सुरू होतो.